लंगडी टिकटिक

बायको गेल्याचं कळलं तेव्हा मी निवृत्त शिक्षिकाबाईंच्या नव्या घरात त्यांचं जुनं घड्याळ भिंतीवर लावत होतो. दवाखान्यातून मुलीचा फोन आला. मी फोन ठेवला, लंबक काढला, फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकला आणि निघालो. घड्याळ हलवायचं म्हणजे आधी लंबक काढायचा, ही हाताची सवय. त्या दिवशी घड्याळ कुठेच जायचं नव्हतं, मीच चाललो होतो.

बाईंनी बरेच दिवस घड्याळाचा तगादा लावला नाही. मग त्यांचा फोन आला. "घाई नाही हो, पण घड्याळाचं पोट रिकामं दिसतं."

मला कमी ऐकू येतं, म्हणून बायको कामावर सोबत यायची. मी घड्याळाचं बूड डावी-उजवीकडे सरकवायचो, ती डोळे मिटून टिकटिक ऐकायची. टिक ते टॉक आणि टॉक ते टिक हे अंतर सारखं नसलं तर घड्याळ थोडं चालून बंद पडतं. "लंगडतंय," ती म्हणायची. "अजून तुमच्या बाजूला. अहो, केसभर म्हटलं, हातभर नाही!"

हे घड्याळ नीट चालू झालं नाही तर पुढचं काम घ्यायचं नाही, असं मी ठरवून गेलो. मुलगी सोबत आली.

लंबक अडकवला, चावी दिली, हलका झोका दिला.

"ऐक. सारखं वाजतंय?"

"वाजतंय की."

"सारखं का?"

"बाबा, मला टिकही ऐकू येतंय आणि टॉकही. आता आणखी काय ऐकू?"

बाई हसल्या. मलाही हसू आलं. मी बूड जरा सरकवलं. तिने पुन्हा कान दिला, कळत नाही अशी मान हलवली. मी लाकडाला बोट टेकवून पाहिलं. हादरा लागत होता, अंतर कळत नव्हतं.

"आई कसं ओळखायची?" मुलीने विचारलं.

मी तिच्या आईला कधी विचारलंच नव्हतं.

तसंच चालू ठेवून आम्ही चपला घालत होतो तेवढ्यात लंबक थांबला.

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "शोभेला छान आहे."

"शोभेला नाही लावलं. पुन्हा येतो," मी म्हणालो. बोलून गेलो खरा.

जिन्यात मुलगी म्हणाली, "रविवारी मला सुट्टी असते."

त्यानंतर दोघे जण कामासाठी विचारून गेले, त्यांना अजून हो-नाही सांगितलेलं नाही. बाईंचं घड्याळ अजून बंदच आहे, रविवार यायचाय.