राखलेली ओळ

मी नखाएवढी काळी मेमरी चिप आहे. वय चार वर्षे. मित्रांनो, आमच्यात हे म्हातारपणच! जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला, पण सारे आयुष्य जळगावजवळच्या असोदा गावातल्या केळीच्या शेडमध्ये गेले. वीज गेली की मी सगळे विसरते. शेजारच्या कार्डावर, माझी देखभाल करणाऱ्या नूतनने लिहिलेल्या नोंदी असतात. सकाळी त्या वाचल्या की कालचे आठवते.

शेडमध्ये बेबाबाई केळीच्या फण्या निवडतात. तीस वर्षे त्यांची नजर घारीची होती, आता ती अधू झाली. म्हणून त्यांच्या गल्लीतल्या, जळगावला शिकलेल्या नूतनने माझ्या बोर्डाला कॅमेरा जोडला. खाली ठेवलेली फणी मोठ्या पडद्यावर परातीएवढी दिसते आणि बेबाबाईंना मोहरीएवढा डागही सापडतो. चित्र पडद्याआधी माझ्यात उतरते. ते हिरवेगार माझ्यावरून वाहत जाताना मला वाटे, आपणच एक केळीची बाग आहोत.

पण कॅमेऱ्याचा एक हट्ट. त्याला चित्र उतरवायला एकसलग मोठी जागा लागते, तुकडे चालत नाहीत. ती जागा मागणाऱ्या त्याच्या प्रोग्रॅमला ड्रायव्हर म्हणतात. सकाळी मी मोकळी असे, जागा मिळे. दुपारी जेवायला जाताना बेबाबाई कॅमेरा बंद करून त्यावर फडके टाकत. तेवढ्यात बारीकसारीक प्रोग्रॅम येऊन दिसेल तिथे फतकल मारत. मग कॅमेरा काही केल्या उघडेना.

शेड सांभाळणारे पंडितभाऊ वैतागले. "अक्का, हे मशीन काही कामाचं नाही राह्यलं. सोमवारी तुमच्या जागी शेवंताबाईले लावतो. तुम्ही आता घरी आराम करा."

बेबाबाई फणीवरून हात फिरवत राहिल्या. मला फार वाईट वाटले. मी निम्मी रिकामी होते, पण तुकड्यातुकड्यांत, म्हणून त्यांच्या उपयोगाची नव्हते. नूतनही मलाच बदलायला निघाली होती.

रविवारी शेजारच्या मळ्यात शेडवाल्यांची भरीत पार्टी झाली. ती मी नूतनच्या नोंदीत वाचली. यावलचे दहा पाहुणे यायचे होते, म्हणून बेबाबाईंनी दहा पाने एका ओळीत राखली होती. भुकेली लेकरे भोवती घुटमळत होती.

"अठीच बसा रे पोरहो," बेबाबाई म्हणाल्या. "पन पाव्हने आले का उठा लागीन, हं!"

पाहुणे आले. लेकरे आपापली पाने उचलून इकडेतिकडे, मिळेल त्या फटीत जाऊन बसली. दहाही पाहुणे त्या मोकळ्या झालेल्या ओळीत नव्या पानांवर बसले. नूतनचा घास हातातच राहिला. भरीत तसेच टाकून ती शेडकडे धावली.

वीज येताच, बाकी कुणी येण्याआधी, माझ्यात एक सलग ओळ कॅमेऱ्यासाठी राखली जाईल अशी सोय तिने केली. तो बंद असेल तेव्हा तिथे जागचे हलवता येणाऱ्या प्रोग्रॅमांनीच बसायचे आणि तो जागा झाला की उठायचे.

सोमवारी सकाळपासून शेवंताबाई निवडायला बसल्या होत्या. दुपारी नूतनच्या सांगण्यावरून आलेल्या बेबाबाईंनी फडके काढले. बसलेले सारे मुकाट उठले आणि ते हिरवे चित्र पुन्हा माझ्यावरून वाहू लागले. बेबाबाई पडद्याशी वाकल्या.

"पंडित, शेवंतानं पास केलेली फनी ना ही? हा डाग पाह्य."

पंडितभाऊंनी डोळे बारीक करकरून पाहिले. मग बेबाबाईंची जागा त्यांनाच ठेवून शेवंताबाईंना दुसऱ्या टेबलाशी बसवले.

मित्रांनो, जुने काही अडले तर लगेच भंगारात टाकू नका. त्याला हवी तेवढी जागा राखली आहे का, ते आधी पाहा. आता शेड बंद होईल, वीज जाईल आणि मी हेही विसरेन. पण उद्या सकाळी ती ओळ राखलेली असेल, आणि बेबाबाई कामाला येतील.