टाकी भरेपर्यंत

पुंडलिकनगरातल्या त्या गल्लीत नळाला पाणी सहाव्या दिवशी येत असे आणि आले की पाऊण तास टिकत असे. तेवढ्या वेळात प्रत्येक घर आपापल्या कामाला जुंपले जाई. बद्रीनाथच्या घरी वाटणी ठरलेली होती. बायको मनकर्णा खाली अंगणात मोटारीजवळ, नऊ वर्षांची अंबिका स्वयंपाकघरातल्या बादल्यांपाशी आणि खुद्द बद्रीनाथ गच्चीवर, टाकीपाशी. टाकी काठोकाठ आली की त्याने खाली जाणाऱ्या पाइपावर पान्ह्याने दोनदा ठोकायचे आणि तो आवाज ऐकून मनकर्णाने मोटार बंद करायची. हाक मारून भागत नसे, कारण त्या वेळी गल्लीतल्या सगळ्याच मोटारी घरघरत असत. घरातले एवढेच काम आता बद्रीनाथच्या वाट्याला उरले होते आणि ते त्याला मनापासून आवडे, कारण टाकी भरेपर्यंत गच्चीवर कोणी फिरकत नसे.

बद्रीनाथ मूळचा फुलंब्रीकडचा, शेतकऱ्याचा मुलगा. शहरात एका इंजिनिअरच्या कचेरीत घरांचे नकाशे काढण्याचे काम तो करी. हात अतिशय नेटका होता. गेली अकरा वर्षे तो गांजा ओढत होता. सिगारेट रिकामी करायची, पुडीतला माल चोळून तीत भरायचा आणि गच्चीच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसायचे. सुरुवातीला हे सणावारी होते, मग शनिवारी, मग रोज संध्याकाळी आणि पाणी येई त्या सकाळी. याला काहीतरी कारण होते, पण ते काय होते हे आता त्यालाच नीट सांगता आले नसते.

उन्हाळ्यात एक प्रकार घडला. अंबिकेला स्कूटरवर मागे बसवून तो दातांच्या डॉक्टरकडे निघाला, पेट्रोल भरायला थांबला, आणि पेट्रोल भरून सरळ घरी आला. पोरगी पंपावर हवा भरायच्या नळाशेजारी दोन तास उभी होती. मनकर्णा तिला घेऊन आली तेव्हा बद्रीनाथ जेवत होता. मनकर्णा त्याला त्यावरून काही बोलली नाही, पण त्या दिवसापासून अंबिका त्याच्या स्कूटरवर बसेनाशी झाली. आपल्याला स्वतःची इतकी लाज वाटू शकते हे बद्रीनाथला तेव्हा कळले. आणि लाज वाटली म्हणून तो गच्चीवर गेला.

पुढे एका गुरुवारी पाणी आले आणि तो नेहमीसारखा वर बसला. धूर चढत गेला, मोटारींचा आवाज लांब गेला आणि समोरच्या घराच्या गिलाव्यातली एक बारीक भेग निरखण्यात त्याचे भान हरपले. दचकून उठला तेव्हा सगळी गल्ली शांत होती. पान्हा होता तिथेच पडला होता. आता गच्चीभर पाणी झाले असणार म्हणून तो धावला, तर टाकी काठाला बोटभर कमी अशी बरोबर भरलेली आणि गच्ची कोरडी.

खाली येऊन त्याने विचारले, "मोटार कोणी बंद केली गं?"

मनकर्णा घागरीवर झाकण ठेवत होती. "तुम्हीच की," ती म्हणाली. "खाली आलात, बटण बंद केलं, चहा घेतला. असं काय करता?"

बद्रीनाथ हसला. विसरणे त्याला नवे नव्हते. पण मोटारीजवळच्या अंगणात पाणी भरण्याच्या गडबडीत नेहमी घोटाभर चिखल होई, आणि त्या चिखलातून निघालेली ओली पावले अंगणातून ओट्यावर आणि ओट्यावरून स्वयंपाकघरात गेलेली त्याला दिसली. त्याने आपल्या पायांकडे पाहिले. ते कोरडे ठणठणीत होते. नकाशे काढणाऱ्या माणसाच्या खिशात टेप असतेच. मनकर्णा आत वळल्यावर त्याने एक पाऊल मोजले, मग शेजारी आपला पाय ठेवून पाहिला. माप जुळले. बद्रीनाथच्या डाव्या पायाची करंगळी लहानपणी बैलाच्या खुराखाली चेंगरलेली होती आणि ती जमिनीला टेकत नसे. ओल्या पावलालाही डावीकडे करंगळी नव्हती.

त्याला भीती वाटली नाही. खरे म्हणजे कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच त्याला एखाद्या गोष्टीचे कुतूहल वाटले. त्या दिवसापासून तो घराकडे पाहू लागला. अंबिकेच्या वहीत मागच्या पानांवर भागाकार मांडून दाखवलेले होते, अक्षर त्याचे, आकडे त्याच्याच नेटक्या हाताचे. मांडव घालून दिलेला दोडक्याचा वेल, फिरकी बदललेला न्हाणीचा नळ, मनकर्णाच्या चपलेचा शिवून आणलेला पट्टा. यातले काहीही केल्याचे त्याला आठवत नव्हते. मेथीच्या भाजीला तो आयुष्यात कधी शिवला नव्हता. शुक्रवारी सकाळी मनकर्णा सहज म्हणाली, "काल रात्री दोनदा मेथी घेतली, म्हणून आज डब्यालाबी तीच दिली."

शनिवारी ती साडी बदलून तयार झाली आणि म्हणाली, "चला, साडेदहाला बोलावलंय."

"कोणी?"

"तुम्हीच फोन केला होता ना त्यांना. पैठण रस्त्यावरच्या व्यसनमुक्ती केंद्रात. मी काय म्हणलं नाय तुम्हाला. तुम्हीच म्हणालात, एकदा जाऊन बघू."

शहर मागे टाकून बरेच पुढे गेल्यावर ते केंद्र लागले. कडुनिंबाखाली बैठी इमारत होती आणि ओसरीवर सात-आठ माणसे शेंगा निवडत होती. केंद्र चालवणारे अनंतराव साठीचे होते, कधीकाळी स्वतःच इथे राहून बरे झालेले. त्यांनी बद्रीनाथला खुर्ची दिली आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहिले.

"फोनवर तुमचा आवाज फार मोकळा वाटला होता," ते म्हणाले. "हे बघा, नव्वद दिवस राहावं लागेल. ओढून आणलेल्या माणसाला आम्ही घेत नाही. ज्याला बरं व्हायचंय त्यानं स्वतः यायचं, स्वतः सही करायची. एक खाट रिकामी आहे. बुधवारी दुपारपर्यंत तुमच्यासाठी ठेवतो."

"मी फोनवर काय म्हणालो होतो?" बद्रीनाथने विचारले.

अनंतरावांनी समोरची वही पाहिली. "म्हणालात, मला पोरीजवळ दिवसभर राहायचंय. नुसतं संध्याकाळचं नाही."

सोमवारी संध्याकाळी बद्रीनाथ गच्चीवर गेला तो ठरवूनच. त्याने सिगारेट पेटवली, पण भेगा आणि ढग यांच्यामागे मन जाऊ दिले नाही. कान तेवढे खाली लावून बसला. थोड्या वेळाने स्वयंपाकघरात भांडे वाजले, मग अंबिका खळखळून हसली, मग एक पुरुष खोकला. तो खोकला बद्रीनाथचा होता. घसा साफ करताना शेवटी एक बारीक हुंकार देण्याची त्याला खोड होती, आणि खालच्या माणसाने तोही दिला. पुढे अंबिका म्हणाली, "उद्या मला शाळेतून घ्यायला याल? स्कूटर घेऊन?" आणि खालचा माणूस म्हणाला, "यीन की."

जिना सहा पावलांवर होता. उतरून पाहायला काय हरकत होती? पण तो उठला नाही. उठलो तर ऐकायला मिळणार नाही, असे त्याला वाटले. सिगारेट विझली तसे खालचे बोलणेही थांबले. तो उतरला तेव्हा मायलेकी दोघीच टीव्ही पाहत बसल्या होत्या. अंबिकेने त्याच्याकडे पाहिले आणि ती जरा सरकून आईला चिकटली.

त्या रात्री त्याने सगळा हिशेब मांडला. आपण ओढतो तेवढा वेळ तो येतो. आपण ओढणे सोडले तर तो यायचा बंद होईल. म्हणजे केंद्रात जाऊन आपण या घरातला चांगला माणूस घालवू आणि मागे उरेल पंपावर पोरगी विसरणारा. गांजा ओढणाऱ्याला न सोडण्यासाठी निमित्त लागतेच, पण इतके सुबक निमित्त क्वचितच कोणाच्या हाती लागले असेल. बद्रीनाथलाही ते कळत होते. कळत असूनही ते खोटे ठरवता येत नव्हते.

मंगळवारी सकाळी त्याने मनकर्णाला विचारले, "मी आजकाल बरा वागतो का गं?"

ती पोळी लाटत होती. "व्हय," ती म्हणाली. "संध्याकाळचे तुम्ही लई बरे असता. पाणी येतं त्या दिवशीबी." पोळी तव्यावर टाकून ती म्हणाली, "बाकीच्या वेळचेच तेवढे..." आणि तिने पुढची पोळी लाटायला घेतली.

कचेरीत दिवसभर त्याची पेन्सिल नीट चालेना. शाळा सुटायच्या सुमाराला तो कचेरीच्या मागे जाऊन एक ओढून आला. संध्याकाळी तो परतला तेव्हा अंबिका दप्तर आवरत होती. तिचे केस वाऱ्याने विस्कटलेले होते, स्कूटरवरून आल्यावर विस्कटतात तसे. तिच्या गालावरचा असा आनंद बद्रीनाथने उन्हाळ्यापासून पाहिला नव्हता. त्याला त्या दुसऱ्याचा हेवा वाटला, उघडउघड, एखाद्या शेजाऱ्याचा वाटावा तसा. आपल्या लेकीने पुन्हा विश्वास टाकला आहे आणि तो आपल्यावर टाकलेला नाही. तेव्हा ठरले. जायचे. आणि आपण स्वतः जायचे, शुद्धीवर, आपल्या पायांनी, आपल्या हाताने सही करून. तिने ज्याच्यावर विश्वास टाकला आहे तो माणूस आपणच व्हायचे. त्या संध्याकाळी तो गच्चीवर गेला नाही. त्या संध्याकाळी घरात कोणी हसलेही नाही.

बुधवार पाण्याचा दिवस होता. मनकर्णाचा भाऊ कडूबा फुलंब्रीहून जीप घेऊन यायचा होता. मनकर्णाने राखाडी बॅग भरून ठेवली होती आणि पांढरा सदरा पलंगावर काढून ठेवला होता. नऊला नळ आला आणि बद्रीनाथ बनियनवरच वर गेला. टाकी भरायची होती आणि भिंतीच्या फटीत ठेवलेली शेवटची पुडी मागच्या नालीत टाकून द्यायची होती. त्याने पुडी काढली. नालीवर हात धरला. मग त्याच्या मनात आले की नव्वद दिवसांचा प्रश्न आहे, टाकी भरायला अजून अर्धा तास आहे, आणि त्या दुसऱ्याचा निरोप घेतल्यासारखेही होईल. एकच. भरून, ओढून, उतरायचे.

तो भिंतीला पाठ लावून बसला. एक घार गल्लीवर घिरट्या घालत होती आणि तिचा प्रत्येक फेरा मागच्याहून किंचित मोठा होतो का, हे त्याला पाहायचे होते.

मोटारी थांबल्या. खाली जीपचा हॉर्न वाजला.

"दाजी, निघायचं का?" कडूबाचा आवाज आला.

"चला," कोणीतरी म्हणाले आणि घसा साफ करून बारीक हुंकार दिला.

बद्रीनाथ कठड्यापाशी आला. खाली मनकर्णा दाराला कुलूप लावत होती. अंबिका जीपमध्ये चढली होती आणि शेजारच्या जागेवर हात ठेवून कोणासाठी तरी ती राखत होती. पांढरा सदरा घातलेला माणूस ओट्यावर वाकून पायांचा चिखल पुसत होता. त्याने चपला घातल्या, बॅग उचलली, मनकर्णाच्या हातातली पिशवीही घेतली. कडूबाने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "भिऊ नका. मी हाय."

दुसरा कोणी असता तर वरून ओरडला असता. बद्रीनाथ ओरडला नाही. तो माणूस एकदा तरी वर पाहतो का, एवढेच त्याला पाहायचे होते. त्या माणसाने पाहिले नाही. तो अंबिकेशेजारी जाऊन बसला आणि जीप वळणावरून दिसेनाशी झाली.

मग तो आतला जिना उतरला. घर आवरलेले होते. तो आपल्या खुर्चीत बसला. तहान लागेना, भूक लागेना. उन्हाचा पट्टा दारापासून पलंगापर्यंत सरकत गेला.

चारच्या सुमाराला कुलूप निघाले. मायलेकी आत आल्या. मनकर्णा रडली होती, पण तिचा चेहरा कित्येक वर्षांत नव्हता इतका हलका दिसत होता. तिने उभ्याउभ्याच गावाकडे सासूला फोन लावला.

"व्हय आत्याबाई, राहिले. स्वतः सही केली... नाय, कोणी जबरदस्ती नाय केली. पोरीला म्हणाले, आता पुरता येतो." पलीकडचे ऐकून ती म्हणाली, "आता तुम्ही काळजी करू नका."

तिने फोन ठेवला. बद्रीनाथ तिच्यापासून दोन हातांवर होता.

"मनकर्णा," तो म्हणाला. "मी इथं हाय."

ती थांबली. तिने वळून खुर्चीच्या दिशेने पाहिले, आणि तिच्या कपाळावर एक बारीक आठी उमटली.

"मम्मी," अंबिका नाकाला ओढणी लावत म्हणाली, "घरात अजून वास येतोय."

"अकरा वर्षांचा हाय, बाळा. एका दिवसात कसा निघंल?" मनकर्णा म्हणाली. तिने दोन्ही खिडक्या उघडल्या, दार सताड लोटले आणि पंख्याचे बटण पाचावर नेले. "जाईल हळूहळू."