राखीव खेळाडू

नळ पूर्ण सोडून पंचबाई न्हाणीघरात पालथ्या बादलीवर बसल्या आणि त्यांनी फोन उघडला. पाण्याचा आवाज एवढ्यासाठी, की बाहेर लेकीला वाटावं आई कपडे धुतेय. कपडे सकाळीच धुऊन वाळत पडले होते. पण सोळा वर्षांच्या मुलीला दोरीवरचे कपडे कधी दिसतात?

तिला त्यांनी ठणकावून सांगितलं होतं, "मी ते काही वाचत नाही. तूही वाचायचं नाही. चार दिवस बडबडतील आणि गप्प बसतील."

चार दिवस केव्हाच उलटले होते. शाळांच्या बास्केटबॉल स्पर्धेची अंतिम मॅच होती. अगदी शेवटी बाईंनी शिट्टी फुंकून यजमान शाळेविरुद्ध धक्क्याचा फाउल दिला आणि ती एका गुणाने हरली. निर्णय बरोबर होता. पण कुणा पालकाने काढलेल्या व्हिडिओत नेमका तो धक्का दिसत नव्हता. दिसत होता बाईंचा वर गेलेला हात आणि त्यांचं सुटलेलं पोट. लोकांना आयतं कोलीत मिळालं. व्हिडिओखाली शेरे पडू लागले: आंधळी, विकली गेलेली, म्हैस. लिहिणारी पोरंटोरं नव्हती. नोकरीधंद्याला लागलेली, लेकुरवाळी माणसं होती, आणि त्यातली काही तर मैदानाच्या फाटकाशी बाईंना हसून "नमस्कार मॅडम" म्हणणारी.

पंचाने उलट बोलायचं नसतं हे बाईंच्या अंगात मुरलेलं होतं. त्यांच्या वतीने बोलणारा एकच जण होता. 'राखीव खेळाडू' असं नाव लावून कुणीतरी एकेकाला उत्तर देत होतं, नियम समजावत होतं आणि त्यापायी वाटेल ते ऐकून घेत होतं. बाईंना त्या अनोळखी जिवाचा इतका आधार वाटू लागला, की त्यांनी 'एक प्रेक्षक' या नावाने खातं उघडलं आणि लिहिलं, "तुमच्यामुळे धीर येतो. थांबू नका." लगेच उत्तर आलं, "नाही थांबणार." तेव्हापासून बाई रोज दुपारी दोन ओळी लिहीत. थांबू नका, आम्ही आहोत. आम्ही म्हणजे त्या एकट्याच, बादलीवर बसलेल्या.

आज राखीव खेळाडूने लिहिलं होतं, "त्या किती काटेकोर आहेत हे तुम्हाला काय ठाऊक? प्रत्येक मॅचच्या आधी शिट्टी दुधाच्या पातेल्यात उकळून घेतात त्या."

बाईंना हसू आलं आणि ते तोंडातच राहिलं. शिट्टी उकळण्याची गोष्ट घराबाहेर कुणालाच माहीत नव्हती. नवरा जहाजावर होता, फोन लागत नव्हता अशा ठिकाणी, भर समुद्रात. मग राहिलं कोण?

खाली लोकांनाही तोच प्रश्न पडला होता. तुला कसं माहीत? म्हशीचं रेडकू सापडलं रे. एकाने शाळा विचारली होती, दुसऱ्याने इयत्ता. तिसऱ्याने फोटो मागितला होता.

नळ तसाच वाहता ठेवून बाई लेकीच्या खोलीपाशी गेल्या. दाराला आतून कडी होती.

"दार उघड."

"अभ्यास करतेय, आई."

"राखीव खेळाडू, दार उघड."

बाईंनी दारावर हात ठेवला. धक्का मारला असता तर त्या जुन्या कडीने काही दम धरला नसता, पण त्या थांबल्या. बऱ्याच वेळाने कडी सरकली.

भर दुपारी पडदे ओढलेले होते. सकाळचं ताट टेबलाखाली होतं, उकडलेलं अंडं न सोललेलं. लेक पलंगावर जाऊन बसली. तिची नखं कुरतडून मांसापर्यंत आली होती. हे आपल्याला इतके दिवस कसं दिसलं नाही, याने बाईंना भडभडून आलं.

"तू तर वाचत नाहीस म्हणालीस," लेक म्हणाली.

"खोटं बोलले."

"रोज वाचतेस?"

"रोज. आता तू हे बंद कर, पिल्लू."

"नाही जमणार."

"का नाही जमणार?"

"एक जण आहे तिथे. बहुतेक कुणी आजोबा असतील, तसंच लिहितात. रोज दुपारी येतात, थांबू नका म्हणतात. त्यांना दुसरं कुणी नाही गं. मी गेले तर ते काय करतील?"

गप्प राहणं सोपं होतं. उद्यापासून आजोबा आले नसते, आणि प्रश्न मिटला असता.

"ते आजोबा मी आहे," त्या म्हणाल्या.

लेकीला आधी हसू फुटलं, मग तिचा चेहरा उतरला.

"म्हणजे मला थांबू नको म्हणणारी तूच?"

"तू आहेस हे मला माहीत नव्हतं."

"दुसऱ्या कुणाची मुलगी असती तर चाललं असतं?"

हजार माणसं ओरडत असताना डोळ्यांची पापणी लवायच्या आत निकाल देणाऱ्या पंचबाई या एका पोरीपुढे खाली फरशीवर बसल्या.

लेकीने फोन त्यांच्यापुढे धरला.

"सगळ्यांना उत्तरं दिली. याला नाही दिलं."

शिवी एकही नव्हती. 'तू नसलीस तर तुझ्या आईची एक कटकट तरी कमी होईल.' शेजारच्या फोटोत लिहिणारा गृहस्थ दोन्ही मांड्यांवर दोन लहान मुलं घेऊन बसला होता.

"याला का नाही दिलं?"

"खरं वाटलं."

बाईंच्या तोंडाशी आलं, वेडी आहेस का. त्यांनी ते गिळलं.

"जीव द्यावा असं वाटलं?"

लेकीने मान हलवली. नाही म्हणून नव्हे.

"आत्ताही वाटतंय?"

"दिवसा कमी. रात्री वाटतं. याच्या आधीपासूनच."

बाईंनी तिच्या हातातून फोन घेतला.

"मला खरं सांगितलंस. आता ऐक. तू माझी कटकट नाहीस. हे पुसायचं नाही, पोलिसांत तक्रार देताना लागेल. फोन माझ्याकडे. आणि आपण डॉक्टरांना आत्ताच फोन करायचा."

"मला वेड लागलंय असं वाटेल त्यांना."

"ताप आला की डॉक्टरांकडे जातोच ना? तसंच. आणि आजपासून रात्री मी इथे झोपणार."

"पलंग एवढासा आहे."

"मी खाली झोपेन."

लेकीने बराच वेळ आईच्या पोटाकडे आणि मग पलंगाकडे पाहिलं. उशी उचलून तिने भिंतीला लावली आणि स्वतः भिंतीकडे सरकली.

"घोरलीस तर उठवीन," ती म्हणाली.

"उठव," बाई म्हणाल्या. "कितीही वेळा उठव."