पारा सत्त्याण्णवावरच थांबतो

मित्रांनो, मी एक जुना थर्मामीटर आहे, आणि परवा बसलेल्या धक्क्यातून मी अजून सावरलेलो नाही.

एका काचकारखान्यात माझा जन्म झाला. केसाएवढ्या बारीक नळीत पारा भरला, अंगावर रेषा कोरल्या आणि मला डोंगरमाथ्यावरच्या या शाळेत पाठवलं. सुरुवातीला माझे केवढे लाड झाले! मला हातात घ्यायला मुलं भांडायची. पण उकळत्या पाण्यात माझा पारा सत्त्याण्णव अंशांवरच अडायचा, आणि पुस्तकात तर शंभर छापलेले. प्रयोगशाळेतल्या काकांनी माझ्या डबीवर 'खराब' अशी चिठ्ठी डकवली. मीही ते निमूटपणे मान्य केलं. पुढे मुलं मला पाण्यात बुडवत आणि माझ्याकडे न बघताच वहीत शंभर लिहून मोकळी होत. अकरा वर्षं हे असंच चाललं.

यंदा नववीत एक मुलगी आली. सारख्या शंका काढते म्हणून वर्गाने तिचं नाव 'प्रश्नपेढी' ठेवलं होतं. ती खाली वाकली, डोळा माझ्या रेषेला लावला आणि वहीत सत्त्याण्णव लिहिलं.

विज्ञानाच्या बाईंनी वही परत केली. "शंभर कर. नाहीतर सही मिळणार नाही, आणि सहीशिवाय प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नाही, माहीत आहे ना?"

"पण बाई, मला दिसलं तेच लिहिलंय." ती म्हणाली.

"अगं, तो थर्मामीटरच बिघडलाय."

"मग चांगल्यावर बघू या ना."

बाई वैतागल्या. तपासणीला येणाऱ्या साहेबांना दाखवायला जपून ठेवलेले दोन कोरे करकरीत थर्मामीटर त्यांनी कपाटातून काढले. पाणी खदखदू लागलं. पहिला सत्त्याण्णवावर थांबला. दुसराही तिथेच! मी तर हादरलोच. इतकी वर्षं स्वतःला खोटारडा समजत होतो, आणि मी बरोबर होतो?

बाई मटकन स्टुलावर बसल्या. उंचावर हवेचा दाब कमी असतो, म्हणून पाणी शंभराच्या आधीच उकळतं, हा धडा त्या दरवर्षी शिकवत होत्या. तोही डोंगरमाथ्यावरच्या याच वर्गात!

"अकरा वर्षं वह्या तपासतेय मी," त्या हळूच म्हणाल्या, "पण एकदाही वाकून बघितलं नाही."

त्यांनी प्रश्नपेढीच्या वहीवर सही केली. उरलेल्या एकोणचाळीस वह्यांवरच्या स्वतःच्या सह्या खोडल्या आणि पुन्हा पाणी तापत ठेवलं.

मित्रांनो, आम्हाला आपटू नका, कपाटात धूळ खात ठेवू नका. आणि एक कळकळीची विनंती आहे. मला हात नाहीत, नाहीतर जोडले असते. वहीत आकडा लिहिण्याआधी आमच्याकडे एकदा बघत जा. त्या दिवशी चाळीस मुलं आणि एक बाई रांगेने माझ्यासमोर वाकली, तेव्हा मला रडूच यायचं बाकी होतं.