थोरलीने असं का केलं?

चौथीच्या वर्गातल्या एका मुलीला सगळे ‘एक्सप्रेस’ म्हणायचे. वाचायला उभी राहिली की स्वल्पविराम, पूर्णविराम अशी सगळी स्टेशनं गाळत ती सुसाट सुटायची. धडा संपल्यावर बाई विचारायच्या, “मग सांग, विहिरीवर कोण गेलं होतं?” तिथे मात्र एक्सप्रेस जागच्या जागी थांबायची. बाकीचा वर्ग तरी कुठे वेगळा होता? गाईडमधली उत्तरं सगळ्यांना तोंडपाठ. प्रश्न जरा फिरवून विचारला की माना खाली.

म्हणून बाईंनी लोककथा काढल्या. राक्षस, नावडत्या राण्या, बोलणारे बेडूक. एखादी गोष्ट छापून वाटायची, मुलांनी ती मनातल्या मनात वाचायची आणि मग प्रश्न. नियम एकच. उत्तर काहीही द्या, पण ते गोष्टीत कुठे सापडलं तिथे बोट ठेवून दाखवा. बघता बघता मुलं कागदावर बोटं आपटून भांडायला लागली.

हे पर्यवेक्षिका मॅडमच्या डोळ्यांत खुपलं. मॅडम शाळेत जुन्या, शिस्तीच्या, कधी आवाज न चढवता माणसाला गार करणाऱ्या. आणि त्या बाईंच्या सख्ख्या थोरल्या जाऊबाई होत्या. शाळेत दोघी एकमेकींना ‘तुम्ही’ म्हणायच्या, घरी मॅडमच्या ‘वहिनी’ व्हायच्या; तिथे दोघी एकाच ओट्यापाशी शेजारी शेजारी उभ्या राहून स्वयंपाक करायच्या आणि कामापुरतंच बोलायच्या.

“पाठ्यपुस्तक संपलं वाटतं तुमचं?” मॅडमनी एकदा स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत विचारलं.

“नाही. का?”

“राक्षसांपर्यंत पोचलात, म्हणून विचारलं. सोमवारी तास बघायला येते तुमचा.”

स्टाफरूममध्ये खसखस पिकली. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या तिरीमिरीतच त्यांनी सोमवारची गोष्ट निवडली. दोन जावांची.

सोमवारी मॅडम मागच्या बाकावर येऊन बसल्या. बाईंनी कागद वाटले. एक तिकडेही द्यायला विसरल्या नाहीत.

गोष्ट अशी होती. एका घरात थोरली सून होती. सासू उठल्याबरोबर तिला हाक मारायची. मग धाकटी सून आली. तिच्या हातची चव सगळ्यांच्या तोंडी बसली, आणि सासू सकाळी धाकटीला हाक मारू लागली. एके दिवशी थोरलीने धाकटीच्या हातात चाळण दिली. “हिच्यातून पाणी आण, नाहीतर घरी येऊ नकोस.” धाकटी नदीकाठी रडत बसली. एका बेडकाला तिची दया आली. तो म्हणाला, “चाळणीला चिखल लिंप.” धाकटी पाणी घेऊन आली. थोरलीने दार लावून घेतलं होतं, ते सासूने उघडलं. संपली गोष्ट.

“आता सांगा,” बाई म्हणाल्या, “थोरलीने असं का केलं?”

“दुष्ट होती म्हणून!” अख्खा वर्ग ओरडला.

बाईंनी मागे पाहिलं. मॅडमच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती, पण कान लाल झाले होते. बाईंना जे हवं होतं ते मिळालं. त्या पुढच्या प्रश्नाकडे वळणार, तेवढ्यात एक्सप्रेसने हात वर केला.

“बाई, ‘दुष्ट’ कुठे लिहिलंय?”

सगळ्यांची बोटं कागदावर फिरली. कुठेच नव्हतं.

“मग तुला काय वाटतं?” बाईंना विचारावंच लागलं.

एक्सप्रेस एकेका ओळीवर बोट ठेवत गेली. “आधी सासू थोरलीला हाक मारायची, हे इथे आहे. नंतर तिला कोणीच हाक मारत नाही. मी शेवटपर्यंत बघितलं, कोणीच नाही. तिला वाटलं असेल, धाकटी गेली की सासू परत आपल्याला हाक मारेल.”

ही गोष्ट बाईंनी कितीदा वाचली होती, स्वतः टाइप केली होती. त्यांना ते दिसलं नव्हतं. त्यांनी गोष्टीत फक्त चाळण पाहिली होती.

मागे बाक करकरला. मॅडम उभ्या होत्या. “पुरे. बाई, जरा बाहेर या.”

व्हरांड्यात त्यांनी आवाज चढवला नाहीच. “घरची धुणी वर्गात आणून धुता?”

“गोष्ट जुनी आहे, मॅडम. मी रचलेली नाही.”

“गोष्ट जुनी आहे. आजच्या दिवसासाठी उचलली कोणी?”

बाई वर्गात परत गेल्या.

संध्याकाळी ओट्यापाशी बाईंनीच तोंड उघडलं. “वहिनी, चुकलं माझं. मुद्दाम काढली मी ती गोष्ट. पण त्या मुलीने जे सांगितलं, ते माझ्या मनात नव्हतं.”

वहिनी कढई घासत होत्या. “मग काय होतं तुझ्या मनात? मी दुष्ट, एवढंच ना?”

बाईंनी मान डोलावली.

“निदान ते तरी खरं होतं. भांडायचं असेल तर ये, मी भांडेन. पण आता डोळ्यांत पाणी आणून माझी कीव करू नकोस. मला त्याची शिसारी येते.”

“कीव नाही हो, मला खरंच...”

“धाकटे,” आतल्या खोलीतून सासूबाईंची हाक आली, “जरा औषध दे गं मला.”

दोघींचे हात थांबले. बाईंना वाटलं, आत्ता काहीतरी करायला हवं. आणि त्यांनी नेमकं करू नये ते केलं.

“वहिनी, तुम्ही जाता का?”

कढई सिंकमध्ये आदळली. पाणी बाईंच्या तोंडावर उडालं.

“दान करतेस?” वहिनी दातांवर दात ठेवून म्हणाल्या. “तुला नको झालेली हाक मी झेलायची? जा. तुला बोलावलंय, तूच मर.”

बाई औषध द्यायला गेल्या. बाहेर आल्या तेव्हा ओटा पुसलेला होता आणि वहिनींच्या खोलीचं दार बंद होतं.

आठवड्याभरात चौथी बाईंकडून काढून घेतली आणि त्यांना पहिलीवर टाकलं. गोष्टींचे कागद बंद झाले. कारण दिलं, अभ्यासक्रम मागे पडतोय. चौथीची मुलं मधल्या सुट्टीत बाईंभोवती गोळा झाली, तर शिपाईमामांना सांगून मॅडमनी त्यांना मैदानावर पिटाळलं. एक्सप्रेसने बाईंना विचारलं, “माझं उत्तर चुकलं होतं का?” “नाही गं,” बाई म्हणाल्या, “तुझंच बरोबर होतं,” आणि पहिलीच्या वर्गात शिरल्या.

घरी मागच्या गॅलरीत दुसरी शेगडी आली. वहिनींनीच आणवली. आता बाई तिथे रांधायच्या आणि सासूबाईंचं ताट कोणी वाढायचं यावर रोज दारं आपटायची.

“बरं झालं, वेगळं झालं ते,” एके दिवशी नवरा जेवताना म्हणाला. “निदान शांतता तरी आहे.”

“याला शांतता म्हणतात?” बाई कडाडल्या, आणि पातेल्यावरचं झाकण त्यांनी असं आदळलं की भिंतीपलीकडे भांड्यांचा आवाज क्षणभर थांबला, आणि मग आणखी जोरात सुरू झाला.