सिगारच्या लायटरला खोबरेल

लायटरच्या जातीत सात वर्षं म्हणजे साठीच. तेव्हा मित्रांनो, मला जुना म्हणायला हरकत नाही. मी वाऱ्यात न विझणारा, खास सिगार पेटवण्यासाठी बनवलेला लायटर आहे. सध्या मुक्काम भाट्ये, रत्नागिरी. या घरात सिगार ओढणारं कुणीही उरलेलं नाही. तुम्हीही ओढू नका. लायटरच सांगतोय म्हटल्यावर ऐकाल, अशी आशा आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. एका बाईने मला तीनदा दाबून पाहिलं, तिन्ही वेळा मी पेटलो, आणि तिने मला खोक्यात टाकलं. माझं बालपण एवढंच.

पुढे एका परक्या बंदरातल्या दुकानात मी काचेमागे उभा होतो. तिथे नझीर होडेकर आले. ते मालवाहू जहाजावर बोसन होते, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम. त्यांचा कप्तान दर नव्या वर्षाला त्यांना सिगारचा डबा देई, आणि डेकवरच्या वाऱ्यात ते अर्धी पेटी काड्या वाया घालवून एक सिगार पेटवत. दुकानदाराने आधी सोन्याचा मुलामा दिलेला लायटर पुढे केला. "हा लग्नात द्यायला बरा," म्हणून त्यांनी तो मागे सारला. मग एकदम तीन ज्योतींचा आला. "तीन तोंडांचं पोट भरायचं कुणी?" असं म्हणून तोही गेला. मग माझी पाळी. आत गॅस किती आहे ते दिसावं म्हणून माझ्या पोटाला एक छोटी काच आहे, ती त्यांनी निरखली. ज्योत कमी-जास्त करायचा स्क्रू नखाने फिरतो का ते पाहिलं. मग मला घेऊन ते तडक दाराबाहेर गेले, वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले आणि खटका दाबला. मी निळ्या सुईसारखा ताठ पेटलो आणि हललोसुद्धा नाही. दुकानदार मात्र हलला. त्याला वाटलं, गिऱ्हाईक पळतंय.

जहाजावरची चार वर्षं माझ्या मानाची. "सिगार शेकायची, जाळायची नाय," असं नझीरभाय नव्या खलाशांना शिकवत. मला टोकापासून बोटभर लांब धरायचं आणि सिगार सावकाश फिरवायची, निखाऱ्यावर बांगडा फिरवतात तशी. माझी निगाही रीतसर होई. गॅस संपत आला की बारीक स्क्रूड्रायव्हरने तळाची झडप दाबून आत उरलेली हवा बाहेर सोडायची, मला उलटं धरून गॅस भरायचा, आणि पाच मिनिटं माझ्याकडे बघायचंसुद्धा नाही. भरल्या पोटी कुणाला कामाला लावू नये, हे त्यांचं तत्त्व होतं. खलाशांच्या बाबतीत ते लागू नव्हतं.

मग एकदा नझीरभायच्या छातीत कळ आली. मुंबईत उतरवलं, हृदयाच्या रक्तवाहिनीत नळी घातली, आणि डॉक्टरांनी दोन गोष्टी बंद केल्या : सिगार आणि जहाज. नझीरभाय घरी आले आणि मीही आलो.

सिगार सुटली, पण अंगठा सुटला नाही. खटक, फुस्स. खटक, फुस्स. दिवसभर हेच. पहाटे पाचला उठून ते अंगणात वारा कुठून येतोय ते बघत. वारा समुद्राकडून येई, कालही तिकडूनच आला होता. कपड्यांची दोरी त्यांनी जहाजी गाठीने अशी बांधली की पुढे ती सोडवता येईना आणि पावसात आत घेता येईना. माझी दशा त्यांच्यासारखीच. उठसूट पेटायचं, पण कशासाठी पेटलो ते कुणी सांगायचं नाही. मित्रांनो, विझून पडण्यापेक्षा हे वाईट.

त्यांच्या बायकोने, आसियाबीने, शेवटी बजावलं, "जहाज सोडलंव, आता हा चाळा पण सोडा. नायतर भंगारवाल्याला देऊन टाकीन."

"कुणाला गो? मला की लायटरला?"

"आधी हाताला लागेल त्याला."

अशातच जानेवारीत त्यांचा पुतण्या अक्रम घरी आला. मिरकरवाड्याच्या जेटीला त्याची मासेमारीची बोट आहे. नायलॉनच्या नव्या दोऱ्या कापल्या की टोकं उसवतात. ती वितळवून बंद करावी लागतात, आणि जेटीवरच्या वाऱ्यात मेणबत्ती टिकत नाही, असं तो सहज बोलून गेला. नझीरभाय खुर्चीतून अर्धे उठले.

"मी येतो. माझ्याकडे वाऱ्यात पेटणारा आहे."

"चाचा, छातीचं बघा आधी."

"छातीने नाय पेटवायचंय. लायटरने."

अक्रमने डोकं खाजवलं. "बरं, उद्या एकदा बघू. बोट साडेआठच्या भरतीला सुटायची हाय, त्याच्या आत चाळीस टोकं झाली तर दोऱ्यांचं सगळं काम तुमच्याकडे. जेटीवर बसून हां, बोटीवर नाय."

अक्रम गेल्यावर नझीरभाय तीनदा अंगणात जाऊन आले. तीन वर्षांत त्यांना कुणी काम सांगितलं नव्हतं. उद्या फजिती झाली तर पुन्हा कुणी सांगणारही नव्हतं, हे त्यांना कळत होतं. मग त्यांनी माझी तयारी सुरू केली, आणि इथेच घात झाला.

भाट्याची हवा खारी. बिजागरी, कात्री, कोयता, सायकल, सगळ्याला इथे खोबरेल लावतात, म्हणून ते टिकतं. नझीरभायनी आधी मला बाहेरून खोबरेल चोळलं. इथवर ठीक होतं. पण मायेला माप नसतं. ज्योत जिथून येते त्या केसाएवढ्या भोकात त्यांनी दोन थेंब सोडले, आणि वर एक तिसरा, बरकत म्हणून. जहाजावर चार वर्षं त्यांनी असं कधी केलं नव्हतं. जहाजावर खोबरेल नव्हतं.

सकाळी जेटीवर चांगलीच थंडी होती. थंडीत खोबरेलाचं काय होतं, ते कोकणात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. नझीरभायनी ऐटीत पहिलं टोक धरलं आणि खटका दाबला. खटक. पुन्हा खटक. दहादा खटक. फुस्स नाहीच. माझा घसा थिजलेल्या खोबरेलाने बंद झाला होता.

"चाचा, ऱ्हाऊ द्या," अक्रम हळू आवाजात म्हणाला. तो हळू बोलला, हेच जास्त लागलं.

"स्टोव्हवर धरा जरा," एका खलाशाने सुचवलं.

"पोटात गॅस हाय त्याच्या! जेटी उडवतोस काय?" नझीरभाय ओरडले.

पलीकडे जेटीवर मासळी विकणाऱ्या सुनंदाबाई टोपल्या मांडत होत्या. त्यांनी मला हातात घेतलं, हुंगलं, आणि कपाळावर हात मारला.

"नझीरभाय, काय त्याची वेणी घालायची होती? खोबरेल थिजलंय आत. काखेत धरून बसा गप."

नझीरभाय मला काखेत धरून मासळीच्या खोक्यावर बसले. शेजारून खलाशी जात, बघत आणि खोकत. मित्रांनो, माझ्या जन्मात मला इतकी ऊब कुणी दिली नव्हती आणि इतका अपमानही कुणी केला नव्हता. दहा मिनिटांनी तेल पातळ झालं. सुनंदाबाईंनी बर्फाच्या टेम्पोवाल्याकडून हवेचा पंप मागून आणला आणि माझ्या तोंडात चार दणके हवा मारली. नझीरभायनी रुमालाने मला कोरडा केला आणि डोळे मिटून खटका दाबला.

आधी काळा धूर आला. पाठोपाठ सोलकढीच्या कारखान्याला आग लागावी तसा वास. आणि मग मी पेटलो. निळा, ताठ, वाऱ्याला न जुमानता.

चाळीसावं टोक आठ वाजून पंचवीस मिनिटांनी बंद झालं. अक्रमने दोरी ओढून पाहिली, दोनदा. मग बोटीवर चढता चढता ओरडला, "चाचा, उद्या सातला!"

घरी आल्यावर आसियाबीने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "गॅसचा डबा कुठल्या दुकानात मिळतो?"

मित्रांनो, वस्तूंची निगा राखा. पण ती वस्तू काय काम करते हे आधी समजून घ्या. जे कोयत्याला मानवतं ते लायटरला मानवेलच असं नाही. आणि जे काही घरात नुसतं बसून खटक खटक करतं, त्याला भंगारात काढण्याआधी एखादं काम सांगून बघा. मग ते लायटर असो की माणूस.

आता दुपारचे चार वाजलेत. नझीरभाय उद्यासाठी चपला घालून बसलेत.