मागच्या रांगेतलं चित्र

"राजाचा मुकुट चिखलात पडला. पण वाकायचं कसं? तो तर राजा." असं म्हणत गोष्टमावशींनी पाठ ताठ केली आणि पायाच्या अंगठ्याने मुकुट उचलायचा आव आणला. सतरंजीवरची पोरं हसून लोळायला लागली.

मावशी वाचनालयाच्या बालविभागात पुस्तकं लावायच्या. शनिवारी मुलांना गोष्ट वाचून दाखवायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. ताठ राजाचं हे चित्रपुस्तक मात्र मुद्दाम एका पठ्ठ्यासाठी निवडलेलं. पहिल्या रांगेत बसणारा हा मुलगा तोंड उघडलं की स्वतःची टिमकी वाजवायचा. त्याची आईच कंटाळून म्हणाली होती, मावशी, याला जरा जमिनीवर आणा. पण पठ्ठ्याला राजा भलताच आवडला आणि तो वर्गातही छाती काढून चालायला लागला. पोरच ते, कळेल पुढेमागे, म्हणून मावशींनी सोडून दिलं.

त्यांची स्वतःची नात त्याच्याच वर्गातली, पण ती सगळ्यांच्या मागे, कपाटाला टेकून बसायची. तिच्याकडे बघायची कधी गरजच पडली नव्हती, इतकी गुणी.

पुढच्या आठवड्यात नातीला आणायला त्या शाळेत गेल्या, तर वर्गाबाहेरच्या भिंतीवर एक नवं चित्र लागलेलं. पुस्तक धरलेल्या मावशी आणि त्यांच्यासमोर मुलांची नुसती पाठमोरी डोकी. खाली नाव त्या पठ्ठ्याचं. मावशींनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पहिल्या रांगेत बसणाऱ्याला सगळी डोकी मागून दिसली कुठून? शिवाय मधोमध त्याचंच डोकं होतं, उभ्या राहणाऱ्या केसांसकट.

त्यांनी नातीला बाजूला घेतलं. "हे तू काढलंस ना?"

नातीने होकारार्थी मान हलवली.

"मग बोलली का नाहीस?"

"बाईंनी विचारलं, कुणाचं? तो म्हणाला, माझं. आणि मी मी केलं की त्या राजासारखं होतं ना, आजी. सगळे हसतात."

औषध दिलं एकाला आणि लागू पडलं भलतीलाच, तेही धडधाकट पोरीला. स्वतःचाच त्यांना राग आला.

त्या तडक वर्गात शिरल्या आणि बाईंना सगळं सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, नातीला जवळ बोलावलं आणि चित्र कुणी काढलं ते विचारलं. बोल गं बाई, एकदा तरी बोल, असं मावशी मनातल्या मनात म्हणत होत्या.

नात आपल्या बुटांकडे बघत राहिली.

"आम्ही दोघांनी काढलं," ती म्हणाली.

बाईंना खरं काय ते कळलं असावं. त्यांनी नातीच्या केसांवरून हात फिरवला, दोघांचीही नावं लिहू म्हणाल्या आणि कौतुकाने मावशींकडे वळल्या.

"किती नम्र मुलगी आहे हो. तुमचेच संस्कार."

इतक्या वर्षांत मावशींच्या कामाला कुणी एवढी दाद दिली नव्हती. त्यांनी मान खाली घातली. शेजारी नातीची मान आधीपासूनच खाली होती.